आमची कोठेही शाखा नाही

उणकल, ७ एप्रिल

अण्णा,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. लिहायला घेतलं होतं, मग म्हटलं आधी कामाचं बोलू.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर मला बंद करून ठेवलंयस. म्हणून पोस्टानं. हणमंत पोस्टमन अजून दुपारी आपल्या मसाल्याच्या दुकानात चहाला टेकतो, तो पत्र तुझ्याच हातात देईल. उणकलहून जुनी हुबळी ती केवढी लांब, आणि सख्खी भावंडं तिकिटं चिकटवतायत. अप्पांना कळलं तर म्हणतील, पोरांना काम कमी झालंय.

काम असं आहे. दुकानाच्या साइटच्या मुळाशी एक फाइल असते, 'ॲड्स डॉट टीएक्सटी'. तुला माहीत आहे, पण मला पहिल्यापासून सांगायची सवय आहे, तेव्हा ऐक. आपल्या पानांवरची जाहिरातीची जागा कोणकोण विकू शकतो, त्यांची नावं त्या फाइलीत असतात. ती जागा विकत घेणाऱ्यांचं यंत्र येतं, यादी वाचतं, आणि यादीत नसलेल्या दलालाला भुरटा समजून परत पाठवतं. तुझ्या मिरचीच्या भावांच्या पानांवर तुझे दलाल आहेत. माझं 'अडिगी', म्हणजे स्वयंपाकाचं पान, आपल्याच नावाच्या पोटात आहे, सबडोमेन म्हणतात ते, पण माझा दलाल वेगळा, बेंगळूरचा, कन्नड पानांचा. त्याचं नाव माझ्या दारातल्या यादीत आहे. यंत्र मात्र माझ्या दारात आपण होऊन येत नाही. ते आधी मुळाशी जातं. तिथे 'आमचा असा असा एक पोटभाग आहे, त्याची यादी तिकडे बघा' अशी एक ओळ असेल, तरच माझ्याकडे वळतं.

ती ओळ होती. उगादीच्या आधी तुम्ही साइट नवी करून घेतलीत आणि ती ओळ गेली.

बाकी सगळं जागच्या जागी आहे. आजरेकर मसालेवाले, ब्याडगी डबी, ब्याडगी कड्डी, गुंटूर, आजचे भाव. पानाच्या तळाला दुकानाच्या पाटीवरचं वाक्यसुद्धा आहे, 'आमची कोठेही शाखा नाही'. छान ठसठशीत घेतलंय. फक्त मी नाही.

उगादीला अप्पांचा फोन आला होता, कडुलिंब-गूळ खाल्लास का विचारायला. नेहमीचंच बोलले. शेवटी म्हणाले, "कंपनी पगार वेळेवर देती न्हवं?" कसली कंपनी आणि कसला पगार! टोमणा मारायला तुम्ही दोघं एका शाळेत शिकलात.

एक ओळ आहे. तेवढी घाल.

रूपा


उणकल, २४ एप्रिल

अण्णा,

पत्र पोहोचलं, हे हणमंतानं सांगितलं. "अण्णांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. अप्पांनी विचारलं कुणाचं, तर म्हणाले, मिरचीवाल्याचं." मिरचीवाली म्हणाला असतास तर निदान खरं तरी झालं असतं.

ओळ अजून नाही. रोज बघते.

दोन दसऱ्यांमागे तू जे म्हणालास ते मी विसरलेले नाही, आणि मी जे म्हणाले ते तू विसरला नसशीलच. पाहुण्यांसमोर मी बोलले की साइटवर लोक माझे पदार्थ वाचायला येतात, तुझे भाव बघायला नाही. तू म्हणालास, "मग काढ की तुझं वेगळं दुकान." मी काढलं. आज्ञाधारक आहे मी लहानपणापासून. उणकलला खोली घेतली, चूल मांडली, कॅमेरा लावला. मराठीतले पदार्थ तुझ्याकडे ठेवले आणि इथे कन्नडमध्ये सुरू केलं. नाव मात्र आजरेकरच ठेवलं, कारण त्या नावाला मसाल्याचा वास आहे आणि तो वास माझाही आहे. तू तेव्हा हूं का चूं केलं नाहीस. ती ओळ तूच घातलीस. मला वाटलं होतं, अण्णा बोलत नाही पण मनातून रागावलेला नाही. आता ती काढलीस म्हणजे काय समजायचं ते मला कळतं.

माझं सोड. मथुराअक्काचं सांगते. अळणावरच्या बाजूची, ऊसतोडीला जायची, आता माझ्याकडे कॅमेऱ्यासमोर रांधते. लोक तिलाच बघायला येतात, मला नाही, हे मी पाहुण्यांसमोरही मान्य करीन. जाहिराती थांबल्या ते मला तिला सांगावं लागलं. ती भाकरी थापता थापता थांबली.

"अक्का, जाहिरात येत न्हाई म्हंजे? मी नीट रांधत न्हाई व्हय?"

मी फाइल, यंत्र, दलाल सगळं समजावलं. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी लग्नातलं इरकल नेसून आली आणि एण्णेगाईच्या भरल्या वांग्यांत दुप्पट तेल ओतलं. परवा कानात सोन्याची फुलं होती. उद्या नथ घालून येईल, आणि तरीही जाहिरात येणार नाही. मला तिच्याकडे बघवत नाही, अण्णा. ती रोज स्वतःची चूक शोधतेय.

बेंगळूरचा माणूस म्हणतो, जूनअखेरपर्यंत थांबतो, मग तुमचं पान आमच्याकडून काढतो. वेगळं नाव घ्या, म्हणतो. वेगळं नाव घेतलं की वाचक गेले, आणि वाचक गेले की खोलीही गेली. मला नवरा आहे, मी राघवेंद्रच्या रेल्वेच्या पगारावर जेवीन. मथुराअक्का कोयता उचलील.

तुला माझ्यावर राग काढायचाय ना, मग माझ्यावर काढ.

रूपा


उणकल, १६ मे

अण्णा,

आज लॅमिंग्टन रोडला गेले होते, तुमची साइट नवी केली त्या ऑफिसात. भांडायलाच गेले होते. वाटेत वाक्यं जुळवली होती, दोन तर फार चांगली झाली होती. वाया गेली.

तिथे स्नेहा म्हणून मुलगी आहे, तिनंच तुमचं काम केलंय. मी म्हटलं, माझी ओळ कुणी काढायला सांगितली? तिनं जुने कागद वगैरे काही चाळलं नाही, तिला तोंडपाठ होतं, कारण तो किस्सा ती ऑफिसात सगळ्यांना सांगत असते.

नवी फाइल करताना तिनं दुकानाच्या फोनवर विचारलं. तू ब्याडगीला गेला होतास, फोन अप्पांनी घेतला. मालकही तेच, साइटचं नाव त्यांच्याच नावावर. आता सत्तरीच्या माणसाला सबडोमेन कसं सांगायचं? पोरगी हुशार. तिनं कन्नडमध्ये सोपं करून विचारलं, तुमच्या साइटला कुठे शाखा आहे का?

अप्पा म्हणाले, "नम्दु एल्लू शाखा इल्ल. बोर्ड नोडिल्लेनु?"

आमची कुठंही शाखा नाही, पाटी बघितली नाहीस का! वर तिला ती पाटी कधी लावली, का लावली, सगळं ऐकवलं. दत्तात्रयकाकांनी भांडून गदगला आपल्याच नावाचं दुकान काढलं, गिऱ्हाईक येऊन 'तुमची गदगची शाखा' म्हणू लागलं, तेव्हा रंगवून घेतलेलं ते वाक्य. काका गेले, गदगचं दुकानही गेलं, वाक्य राहिलं. स्नेहानं अप्पांचे आभार मानले आणि शाखेची ओळ काढून टाकली.

मी तिथेच खुर्चीत बसून हसले. तिनं पाणी आणून दिलं.

मग ती म्हणाली, "मॅडम, संजीव सर दोनदा येऊन गेले. ती ओळ परत घाला म्हणाले. पण मालकांनी नाही म्हटलंय, तर मालकांनीच हो म्हणायला पाहिजे, असं आमच्या साहेबांचं म्हणणं. सर म्हणाले, अप्पांना नाही विचारता येणार. आणि गेले."

तू दोनदा गेलास. मला लिहायला तुला दोन ओळी सुचल्या नाहीत, पण जिना चढून दोनदा गेलास.

अप्पांना का विचारता येणार नाही, हे मला बसमध्ये कळलं. चिगरी बस नवनगरकडे चालली होती, माझा स्टॉप मागे राहिला तरी मी बसूनच होते. उगादीचा तो टोमणा. तो टोमणा नव्हताच. अप्पांना खरंच वाटतंय की मी कुठल्याशा कंपनीत आहे, म्हणजे तूच त्यांना तसं सांगितलंयस. दोन वर्षं सांगतोयस. रूपानं वेगळं दुकान काढलं हे त्यांना कळू दिलं नाहीस, कारण एकदा त्यांच्या भावानं काढलं होतं, आणि मग त्यांचं काय झालं ते आपण दोघांनी बघितलंय. काकांचं नाव घरात निघालं की ते ताटावरून उठायचे.

म्हणजे तू मला लपवलंस. पुसलं नाहीस.

मागच्या पत्रात काय काय लिहिलं ते मला आठवतंय. तू ते पत्रही खिशात ठेवलं असशील. फाडून टाक.

आता मुद्दा. ओळ अप्पांच्या तोंडून यायला हवी, त्यासाठी अप्पांना खरं कळायला हवं. तू सांगणार नाहीस. मी लिहिणार आहे. त्यांना काकांसारखा घाव बसला तर बसेल, पण घालणारी मी असेन, तू नाही. तुझी हरकत असेल तर हणमंताबरोबर सांगून पाठव. नुसतं 'नको' म्हटलंस तरी पुरे.

रूपा


उणकल, २ जून

तीर्थरूप अप्पा,

अण्णाला हे पत्र मिरचीवाल्याचं आहे म्हणून सांगता येऊ नये, म्हणून पाकिटावर तुमचंच नाव घातलंय. हणमंताला म्हटलंय, तुमच्या हातात द्यायचं आणि चष्मा पण द्यायचा.

मी कुठल्याही कंपनीत नाही. मला कुणी पगार देत नाही. उणकलला माझी एक खोली आहे, तिथे मी आणि मथुराअक्का नावाची बाई मिळून कन्नडमध्ये रांधणं शिकवतो, आणि लोक ते आपल्या साइटवर बघतात. दसऱ्याला अण्णाशी भांडण झालं तेव्हापासून. त्यानं तुम्हाला सांगितलं नाही ते माझी तळी उचलायला नव्हे. तुम्हाला पुन्हा एकदा ताटावरून उठायला लागू नये म्हणून. त्याच्यावर रागावू नका. रागवायचं तर माझं नाव आहेच.

ऑफिसातल्या मुलीनं तुम्हाला विचारलं, शाखा आहे का? तुम्ही पाटीवरचं सांगितलंत. खोटं काहीच बोलला नाहीत. तुम्हाला माहीतच नव्हतं. पण त्या एका उत्तरानं आमच्या जाहिराती थांबल्या. जाहिरातवाल्यांच्या यंत्राला वाटतं, आम्ही तुमचं नाव चोरून वापरतोय.

अप्पा, तसं वाटणं मला सोसत नाही. खोलीचं भाडं, जाहिराती, ते सगळं आहेच. पण खरं दुखतं ते हे.

एक समजावते, मग तुम्ही ठरवा. काकांनी गदगला पाटी लावली तेव्हा वर नुसतं 'आजरेकर मसालेवाले' लिहिलं, जसं काही ते पहिल्यापासून तिथेच होते. माझं तसं नाही. साइटवर माझा पत्ता असा लिहितात: आधी 'अडिगी', मग टिंब, मग तुमचं नाव. त्या टिंबाशिवाय मला पुढे जाताच येत नाही. तुमचं नाव बंद झालं की माझं दार त्याच क्षणी बंद. आणि माझं बंद झालं, तर तुमचं काहीच अडत नाही. दुसरं दुकान असं असतं का? तुम्ही व्यापारी आहात, तुम्हीच सांगा.

मथुराअक्काच्या मसाल्याला मिरची अजून आपल्याच दुकानातून येते. ती स्वतः जाऊन घेते. कुणाकडची ते सांगू नको, असं मीच तिला बजावलंय. नाकात मोठी चमकी, डबी मिरची मागताना दोन वेळा वास घेते, ती. तुम्ही तिच्याशी भावावरून भांडलायत.

लॅमिंग्टन रोडच्या ऑफिसचा नंबर मागे लिहिलाय. तुम्हाला फोन करायचा नसेल तर करू नका. मी येऊन रडणार नाही, आणि तुम्हाला फोनही करणार नाही. फक्त आता तुम्हाला खरं माहीत आहे.

तुमची
रूपा


उणकल, १४ जून

अण्णा,

स्नेहाचा फोन आला. दुकानाच्या फोनवरून एक म्हातारा आवाज आला म्हणे, नाव नाही, गाव नाही, एकदम सुरुवात: "ओंद शाखा ऐति. उणकलदाग." एक शाखा आहे, उणकलला. आणि फोन ठेवला. तिनं साहेबांना विचारलं, मालकांनी हो म्हटलं असं धरायचं का? साहेब म्हणाले, याहून जास्त हो म्हणतात का कुणी?

ओळ लागली. मी स्वतः उघडून बघितली. इतकी साधी ओळ आहे की दाखवायला लाज वाटावी, तरी राघवेंद्रला बोलावून दाखवली.

आणि जाहिराती आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, त्यानंतरही नाहीत. मथुराअक्का नथ घालून आली.

काल तुझं कार्ड आलं. पोस्टकार्ड अजून मिळतात हे मला माहीत नव्हतं. त्यावर ना 'प्रिय', ना तारीख, ना सही. फक्त एवढंच: 'तुझी यादी बघितली. तिसऱ्या ओळीत दलालाच्या नावानंतर स्वल्पविराम नाही. यंत्र नाव आणि पुढचा नंबर मिळून एकच शब्द वाचतं. शाळेतही तू असंच लिहायचीस.'

शाळेतही! दोन वर्षांनी भाऊ बोलला, तो स्वल्पविरामावर. मी कार्ड हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. तू माझ्या दारात आलास, यादी वाचलीस, ओळ न् ओळ. एरवी ती तिसऱ्या ओळीतली चूक कुणाला दिसणार होती?

जाहिराती थांबल्या तेव्हा आधी चूक माझीच असेल म्हणून मी यादी नव्यानं लिहून काढली होती, त्यात तो गळाला असणार. स्वल्पविराम घातला. आज दुपारी मथुराअक्का ज्वारीची भाकरी थापत होती, आणि स्क्रीनवर तिच्या हातांखाली, पानाच्या तळाला, कुठल्याशा कुकरची जाहिरात आली. बेंगळूरच्या माणसाचं नाव यंत्रानं मान्य केलं. मी तिला दाखवलं.

तिनं पिठाचे हात पुसले आणि वाकून बघितलं. मग म्हणाली, "कुकर व्हय? माझ्या चुलीवर कुकर?" आणि नथ काढून पदराला बांधली.

मिरचीवाली


उणकल, २५ जून

प्रिय अण्णा,

काल मथुराअक्का मिरची आणायला तुमच्याकडे गेली होती. आली ती धापा टाकत. "अक्का, बोर्डावर मानूस चढलाय. शिडी लावलीया. अप्पा खालनं वरडायलेत." तिला वाटलं, पाटी उतरवतायत. मलाही तेच वाटलं. शाखा निघाली म्हणून अप्पांनी पाटीच काढायला घेतली, आणि त्याला कारण मी. चप्पल कशी घातली, रिक्षात कशी बसले, मला आठवत नाही.

मी समोरच्या भांडीवाल्याच्या दुकानापाशी उभी राहिले. तुमच्यापैकी कुणी मला बघितलं नाही.

पाटी जागेवर होती. आमची कोठेही शाखा नाही. 'आमची' आणि 'कोठेही' यांच्या मधे पेंटरनं शाळेत चुकलेल्या शब्दासाठी घालतात तशी खूण घातली होती, आणि वर उरलेल्या बोटभर जागेत तो नवे शब्द कोंबत होता. त्याला मराठी येत नसावं, तो कागदावर बघून एकेक अक्षर काढत होता. अप्पा खाली, कमरेवर हात.

वाचायला मला वेळ लागला, कारण डोळे भरले होते, हे उगाच कशाला लपवू.

आमची उणकल सोडून कोठेही शाखा नाही.

अप्पा ओरडत होते, "उणकल दोड्डदु बरी! काणसूदिल्ल!" उणकल मोठं लिही, दिसत नाही. पेंटर म्हणाला, जागा नाही अज्जा. अप्पा म्हणाले, मग 'कोठेही' पूस आणि बारीक कर. तू आतून आलास, तुला काही बोलायचं होतं, अप्पांनी हातानंच गप्प केलं. तू वर बघितलंस.

मी आत आले नाही. आले असते तर पायरीवरच बसून रडले असते, आणि भर बाजारात गिऱ्हाईकासमोर आजरेकर रडत नाहीत.

रविवारी येते. संगीतावहिनीला सांग, पोळ्या करू नको, भाकरी आम्ही आणतो. मथुराअक्काला घेऊन येते. शाखेचा सगळा स्टाफ येतोय.

तुझी
रूपा